नकाशांतून गळालेले ओढे

गांवाची शीव जुन्या कागदांत ओढ्यावरून दिलेली असावी आणि नकाशांत तो ओढाच नसावा, असा प्रसंग शहापूर-मुरबाडकडील स्थळनिश्चय करणारास येतो. अशा वेळीं कागदावर संशय घेण्यापूर्वीं ओढा नकाशाकारानेंच गाळला काय, हें पाहिलें पाहिजे.

नकाशा लहान प्रमाणावर उतरवितांना प्रवाह गाळावेच लागतात. टॉप्फर व पिलेवित्सर ह्यांनीं १९६६ सालीं मांडलेल्या नियमान्वये १:५०,००० च्या नकाशांतील १०० प्रवाहांपैकीं १:२,५०,००० च्या नकाशांत सुमारें ४५ उरतात. उरावयाचे कोणते, हें पूर्वीं रेखनकार आपल्या तारतम्यानें ठरवी. आतां बहुधा संगणक ठरवितो. हॉर्टननें १९४५ सालीं घातलेल्या व स्ट्रालरनें १९५२ सालीं सुधारलेल्या गणनेप्रमाणें, ज्यास दुसरा प्रवाह मिळालेला नाहीं तो पहिल्या श्रेणीचा. पहिल्या श्रेणीचे दोन मिळाले म्हणजे दुसरी श्रेणी. असमान मिळाल्यास मोठ्याची श्रेणी कायम. व्याकरणांत दोन सूत्रें एकत्र प्राप्त झालीं असतां बलाबल ठरविणारी परिभाषा असते, तशीच ही समजावी. खालच्या श्रेणीचे आंखूड प्रवाह अगोदर गळतात.

ह्या रीतीनें काळू व भातसा ह्यांस भय नाहीं. परंतु माहुलीच्या उतारावरचे आणि माळशेज-नाणेघाटाखालचे पावसाळी ओहळ बहुतेक पहिल्याच श्रेणीचे, आणि शिवा, पायवाटा, पाड्यांचीं नांवें हीं त्यांनाच धरून असतात. शिलाहारांच्या ताम्रपटांतील चतुर्दिक् आघाटांतही जलप्रवाह येतात. यंत्रास लांबी कळते, नांव कळत नाहीं. हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांस ओळखीच्या खुणांसह क्षेत्राचा नकाशा लागतो. तेथें गळालेला ओढा म्हणजे गेलेली खूण होय. म्हणून १ इंचास १ मैल ह्या प्रमाणाचे जुने नकाशे व गांवनकाशे प्रथम पाहावे, आणि श्रावणांत स्वतः चालून जावें, असें आमचें मत आहे.

धरणांविषयीं मात्र अधिक सावध असावें. भातसा व चोरणा ह्यांचीं जुनीं पात्रें शहापूर तालुक्यांत भातसा जलाशयाखालीं गेलीं आहेत. प्रवाहांचें जाळें तुटूं नये म्हणून यंत्र अशा जलाशयाच्या मध्यांतून एक कल्पित रेषा ओढतें. ती रेषा जुनें पात्र समजून तिच्यावरून बुडालेल्या गांवांच्या शिवा ठरवूं नयेत.