क्लेअरमाँटच्या भिंती कोणी बांधल्या?

१/ रॉबर्ट क्लाइव्हवर मेकॉलेने १८४० मध्ये एक दीर्घ निबंध लिहिला. त्यात एक लोकवदंता येते. इंग्लंडच्या सरे परगण्यातील एशर गावाजवळ क्लाइव्हची नवी हवेली उभी राहत होती, तेव्हा तिच्याकडे पाहून खेडूत कुजबुजत, की सैतानाने या पापी धन्याला सदेह उचलून नेऊ नये म्हणून त्याने भिंती इतक्या जाड बांधून घेतल्या आहेत. ती हवेली म्हणजे क्लेअरमाँट.

२/ हा क्लाइव्ह मराठी वाचकाला केवळ प्लासीमुळे ठाऊक आहे असे नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग घेतला गेला, त्या मोहिमेत आरमार ॲडमिरल वॉटसनचे होते आणि जमिनीवरील फौज याच क्लाइव्हच्या हाताखाली होती. पण आजचा धागा क्लाइव्हवर नाही. त्याच्यासाठी त्या भिंती बांधणाऱ्या माणसावर आणि त्याच्या धंद्यावर आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडात श्रीमंतांच्या फर्माइशीप्रमाणे खेड्यापाड्यांत हवेल्या बांधून देणे हा एक व्यवसाय होता. तो कसा चालत असे, पैसा कसा येत असे आणि कुठे अडत असे, हे पाहू.

३/ प्रथम ठेक्याची पद्धत. सेंट पॉल कॅथीड्रलचा कर्ता ख्रिस्तोफर रेन याने १६८१ मध्ये ऑक्सफर्डचे बिशप फेल यांना लिहिलेल्या पत्रात बांधकाम करवून घेण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत: रोजाने, मापाने आणि उक्ते. आपल्याकडील कोणत्याही मिस्त्रीला या तिन्ही रीती वेगळ्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

४/ रोजंदारीत काम रेंगाळले की भुर्दंड मालकाला. उक्त्या कामात हिशेब चुकला की ठेकेदार बुडतो, किंवा बुडू नये म्हणून माल हलका वापरतो. रेनचा कौल मापाच्या बाजूने होता: जेवढे काम झाले तेवढे मोजायचे आणि ठरल्या दराने पैसे द्यायचे. मात्र मापाच्या पद्धतीत मोजणारा माणूस दोघांच्याही विश्वासाचा असावा लागतो, आणि लंडनपासून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर असलेल्या एखाद्या जहागिरीत असा माणूस आणायचा कुठून? त्या धंद्याचा खरा पेच हाच होता. मालक बहुधा राजधानीत, मजूर गावचे, दगड दुसऱ्याच परगण्यातला, आणि पावसाळी हवेत वर्षाचे कित्येक महिने चुन्याचे काम बंद.

५/ या पेचातून वाट काढणारा माणूस गवंडी नव्हता, सुतारही नव्हता. तो माळी होता. लान्सलॉट ब्राउन, जन्म १७१६, गाव नॉर्थंबरलँडमधील कर्कहार्ल. गावच्या जमीनदाराच्या, सर विल्यम लोरेनच्या, बागेत त्याने उमेदवारी केली. त्याचा एक भाऊ दगडकामात होता, दुसरा जमिनीची मोजणी व देखरेख करणारा. म्हणजे दगड, जमीन आणि झाड हे तिन्ही विषय घरातच बोलले जात असणार.

६/ १७४१ मध्ये तो बकिंगहॅमशर परगण्यातील स्टो येथे लॉर्ड कोबमच्या जहागिरीत मुख्य माळी झाला. तेथे बागेबरोबर बांधकामावरची देखरेखही त्याच्याकडे आली, आणि मजुरांचा पगार वाटणेही. माझ्या मते पुढच्या साऱ्या यशाचे मूळ या पगारवाटपात आहे. मातीचा एक ढिगारा हलवायला किती माणसे, किती दिवस आणि किती शिलिंग लागतात, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. धनी उदार होता. आपल्या उमराव मित्रांची कामे घेण्याची मोकळीक त्याने ब्राउनला दिली. स्वतःच्या धंद्याची गिऱ्हाइके ब्राउनने अशी नोकरीत असतानाच जोडली.

७/ कोबम १७४९ मध्ये वारला. दोन वर्षांनी ब्राउनने बिऱ्हाड लंडनजवळच्या हॅमरस्मिथला हलवले आणि स्वतंत्र धंदा सुरू केला. जवळच फुलम येथे हेन्री हॉलंड नावाचा एक नामांकित बांधकाम ठेकेदार राहत होता. या शेजाराचे पुढे काय झाले ते ओघात येईलच.

८/ पहिले मोठे घर क्रूम कोर्ट, वुस्टरशर परगण्यात, लॉर्ड कॉव्हेंट्रीसाठी. आरंभ १७५१. जुने विटांचे घर समूळ न पाडता त्याचा गाभा ठेवून बाहेरून बाथचा दगड चढवायचा होता. अडचण घरात नव्हतीच, ती जमिनीत होती. सारी जागा पाणथळ. ब्राउनने बांधीव मोऱ्यांचे जाळे घालून पाणी खेचले आणि दूरच्या तळ्याकडे नेले. आधी पाणी, मग पाया, मग भिंत: हा क्रम त्याने पुढे कधी सोडला नाही. दिवाणखान्याची नक्षी रॉबर्ट ॲडमने केली आणि पाहुण्यांनी तिचीच वाहवा केली. मोऱ्या कोण पाहतो?

९/ आता कामाची रीत. मालकाचे बोलावणे आले की ब्राउन घोड्यावरून जाऊन जागा पाही. या जागेत पुष्कळ ‘कॅपेबिलिटी’ आहे, म्हणजे वाव आहे, असे तो हमखास म्हणे. त्यावरूनच ‘कॅपेबिलिटी ब्राउन’ हे नाव रूढ झाले. मग त्याचा मोजणीदार येऊन सारी जमीन कागदावर उतरवी. जॉन स्पायर्स हा त्यांपैकी एक. त्यावरून आराखडा होई, आणि तेथे मालकासमोर दोन वाटा असत: आराखड्याचे पैसे चुकते करून काम आपल्या माणसांकडून करवून घ्यावे, किंवा सारे काम ब्राउनवर सोपवावे.

१०/ काम सोपवले तर लेखी करार होई. कोणती कलमे, किती मुदत, एकूण रक्कम किती, आणि ती कोणकोणत्या तारखांना हप्त्याने द्यायची. त्याच्या करारांतील एक बारकावा मला फार बोलका वाटतो: घोडे, गाड्या, ढकलगाड्या आणि रोपे पुष्कळदा मालकाने पुरवायची असत. जहागिरीत या गोष्टी असतातच. त्या भाड्याने आणण्यात ब्राउनचे भांडवल अडकत नसे. हप्ते ठरलेले असल्यामुळे मजुरी भागवायला कर्ज काढावे लागण्याचा धोकाही कमी होई.

११/ जागेवर त्याचा मुकादम कायम राही. बेंजामिन रीड, सॅम्युएल लॅपिज ही अशी माणसे. ब्राउन वर्षातून काही वेळा फेरी मारी, खुणेचे खुंट सरकवी आणि पुढच्या गावी जाई. अनेक परगण्यांत एकाच वेळी कामे चालत, पण मोठी कचेरी अशी त्याने कधी थाटली नाही. हा सारा डोलारा मुकादमांच्या इमानावर उभा होता, आणि त्याची जाण मालकाला होती. आपल्या पश्चात अपुरी कामे लॅपिजने पुरी करावीत, कारण त्याला आपले हिशेब ठाऊक आहेत, अशी तजवीज ब्राउनने मृत्युपत्रात करून ठेवली.

१२/ पैशाचा व्यवहार १७५३ पासून लंडनच्या ड्रमंड्स बँकेत. शिवाय एक हिशेबवही, जिच्यात एकेका गिऱ्हाइकाच्या नावे आलेल्या रकमा मांडल्या आहेत. ती आज लंडनच्या लिंडली ग्रंथालयात आहे. तिच्याकडे आपण शेवटी वळू.

१३/ धंद्याला बरकत आली. १७६४ मध्ये हॅम्पटन कोर्टच्या राजबागेचे मुख्यपद मिळाले. १७६७ मध्ये हंटिंग्डनशरमधील फेनस्टँटनची जहागीर त्याने विकत घेतली आणि १७७० मध्ये तो त्या परगण्याचा शेरीफ झाला. दुसऱ्यांच्या जमिनी घडवणारा स्वतः जमीनदार झाला.

१४/ आता क्लेअरमाँट. ही जागा मूळची वास्तुकार व नाटककार व्हॅनब्रूची. पुढे ती ड्यूक ऑफ न्यूकॅसलकडे गेली. ड्यूक नोव्हेंबर १७६८ मध्ये वारला आणि त्याच्या विधवेकडून क्लाइव्हने ती घेतली. क्लाइव्ह नुकताच हिंदुस्थानातून कायमचा परतला होता. मीर जाफरने दिलेल्या जहागिरीचे त्याचे उत्पन्न वर्षाला सुमारे २७,००० पौंड होते.

१५/ व्हॅनब्रूचे घर सखल, दमट जागी होते. ते पाडून जरा वर, टेकाडावर नवे बांधायचे ठरले. ब्राउनने यात एक गोष्ट अशी केली की तिच्यात मला त्याच्या धंद्याची सारी समज दिसते. स्वयंपाक, कोठारे, नोकरांचा वावर हे सारे त्याने उंच जोत्याखालच्या तळमजल्यात घातले आणि नोकरांची ये-जा भुयारी वाटेने ठेवली. त्यामुळे घराला ‘मागची बाजू’ राहिली नाही. चारही अंगे मोकळी, आणि चारही बाजूंनी हिरवळ थेट भिंतीशी येऊन टेकलेली. पश्चिमेला पायऱ्यांची उंच चढण आणि कोरिंथियन खांबांचा मंडप, त्यावर क्लाइव्हचे कुलचिन्ह. अर्थात, ही मोकळीक धन्याच्या नजरेची. कोळशाच्या टोपल्या घेऊन भुयारातून जाणाऱ्याला ती लाभली नाही.

१६/ एवढे काम एकट्याने झेपणारे नव्हते. १७७१ मध्ये ब्राउनने फुलमच्या त्या ठेकेदाराच्या मुलाला भागीदार करून घेतले. त्याचेही नाव हेन्री हॉलंड, वय पंचविशीचे. बापाची माणसे बांधीत, मुलगा नकाशे काढी, ब्राउन जमीन आणि गिऱ्हाईक सांभाळी. १७७३ मध्ये या तरुणाचा ब्राउनच्या मुलीशी, ब्रिजेटशी विवाह झाला आणि भागीदारीचे सोयरिकीत रूपांतर झाले. हॉलंडच्या कचेरीत १७७२ पासून आणखी एक उमेदवार होता. क्लेअरमाँटच्या प्रवेशदालनाच्या कामात त्याचा हात होता. नाव जॉन सोन. बँक ऑफ इंग्लंडची वास्तू पुढे याच सोनने घडवली.

१७/ माळ्याने असे काम पटकावणे सर्वांना रुचले नाही. राजाचा वास्तुकार सर विल्यम चेंबर्स याने क्लाइव्हसाठी पूर्वी कामे केली होती आणि हेही आपल्याकडे येईल अशी त्याची अपेक्षा होती. १७७२ मध्ये त्याने पौर्वात्य बागांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला आणि त्यात इंग्लंडच्या बागा भाजीच्या मळ्यातून आलेल्या माणसांच्या हाती गेल्याबद्दल चडफड केली. नाव घेतले नव्हते, पण रोख कोणावर हे तेव्हाच्या वाचकांना सांगावे लागले नाही. पुढच्याच वर्षी विल्यम मेसनने चेंबर्सची खिल्ली उडवणारे एक उपहासकाव्य निनावी छापले आणि ते तडाखेबंद खपले.

१८/ क्लेअरमाँट आकार घेत होते त्याच सुमारास, १७६९-७० मध्ये, बंगालात भीषण दुष्काळ पडला. लोकसंख्येचा सुमारे एक तृतीयांश भाग नष्ट झाला, असा अंदाज वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये कळवला. त्या वेळी क्लाइव्ह बंगालात नव्हता, हे खरे. पण त्याच्या विटांचा पैसा कुठून आला होता हेही लंडनला माहीत होते. १७७२-७३ मध्ये पार्लमेंटपुढे त्याची चौकशी झाली. त्याने २,३४,००० पौंड मिळवल्याचे सभागृहाने नोंदवले आणि त्याच दमात त्याने देशाची मोठी सेवा केल्याचेही मान्य केले. सैतानाची गोष्ट कुजबुजणारे ते खेडूत मला या ठरावापेक्षा अधिक सरळ वाटतात.

१९/ या सगळ्यात बांधणाऱ्याने काय विचार केला असेल? ब्राउनचा त्याविषयी एक शब्दही माझ्या वाचनात नाही. घरमालकाच्या पैशाचा उगम विचारण्याची त्या धंद्याची रीत नव्हती, आणि आजही ती कुठे फारशी दिसत नाही. २२ नोव्हेंबर १७७४ रोजी क्लाइव्ह लंडनच्या बर्कली स्क्वेअरमधील घरी मरण पावला. क्लेअरमाँटचा उपभोग त्याला जवळजवळ घेताच आला नाही.

२०/ पुढे त्या घरात राजकन्या शार्लट राहिली व १८१७ मध्ये तेथेच बाळंतपणात दगावली. फ्रान्सचा पदच्युत राजा लुई फिलिप १८५० मध्ये तेथेच वारला. आज तेथे शाळा आहे.

२१/ ब्राउन फेब्रुवारी १७८३ मध्ये गेला. लोकांनी त्याला बागांसाठी लक्षात ठेवले. घरे विस्मृतीत गेली. क्रूम, फिशरविक, रेडग्रेव्ह, क्लेअरमाँट, बेनम ही नावे एका यादीत आणण्याचे काम पुढच्या पिढीचा उद्यानकार हम्फ्री रेप्टन याने केले. त्यासाठीचा मजकूर जावयाने, म्हणजे हॉलंडने पुरवला. तो रेप्टनच्या १८०३ च्या ग्रंथात आहे.

२२/ हॉलंडच्या पत्रातील प्रशस्ती वाचण्यासारखी आहे. खांब-कमानींबद्दल त्यात फारसे काही नाही. घराची पातळी साधणे, चाकरवर्गाच्या खोल्या योग्य जागी बसवणे, येण्याजाण्याचा रस्ता, सांडपाण्याचा निचरा, राहणाऱ्याची सोय: यात ब्राउनच्या तोडीचा कोणी नव्हता, असे तो म्हणतो. आणि पुढे म्हणतो, की आपल्या एकाही मालकाशी ब्राउनचा कधी तंटा झाला नाही.

२३/ आता ती हिशेबवही. सफोक परगण्यातील ब्रँचेस येथील ॲम्ब्रोज डिकन्स या गिऱ्हाइकाच्या खात्यावर १७६० च्या दशकातील एक नोंद आहे. करारातील काम झाले, पैसे आले. वर काही जादा काम झाले, त्याचे पैसे मात्र डिकन्स देईना. नोंद अशी, की मिस्टर ब्राउन यांना जादा कामाचे पैसे मिळू शकले नाहीत. तेव्हा त्यांनी डिकन्ससमोरच ते बिल फाडले आणि त्या व्यवहाराबद्दल जे काय बोलायचे ते त्याला तोंडावर बोलून टाकले.