युगांडाचा कायदा: संस्कृती की सोय?

युगांडातला समलैंगिकताविरोधी कायदा म्हणजे आफ्रिकी संस्कृतीने पाश्चात्त्यांना दिलेले उत्तर, हे मत आता रूढच झाले आहे. समर्थक ते अभिमानाने सांगतात आणि विरोधकांपैकी कितीतरी जण खंतावून मान्य करतात. लोकमत तिथे समलैंगिकतेच्या सक्त विरोधात आहे, यात वाद नाही. पण लोकमत बारमाही आहे आणि कायदे मात्र हंगाम साधून येतात-जातात. त्याचे काय?

२० डिसेंबर २०१३ रोजी संसदेत विधेयक मंजूर होत असताना पंतप्रधान अमामा म्बाबाझी गणपूर्ती नसल्याची हरकत घेत होते. सभापती रेबेका कडागांनी ती कानाआड केली. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनीही सही करायला राजी नव्हते. फेब्रुवारीत क्यान्क्वान्झीला सत्ताधारी पक्षाचे शिबिर भरले. तिथे खासदार एव्हलिन अनिते यांनी चक्क गुडघे टेकून ठराव मांडला की २०१६ च्या निवडणुकीला मुसेवेनी हेच एकमेव उमेदवार असावेत. रोख संभाव्य प्रतिस्पर्धी म्बाबाझींवर होता. त्याच शिबिरात मुसेवेनींनी सही करण्याचा शब्द दिला आणि २४ तारखेला पाळलाही. १ ऑगस्टला घटनात्मक न्यायालयाने गणपूर्तीच्याच मुद्द्यावर कायदा रद्द केला. तीन दिवसांनी वॉशिंग्टनला ओबामांची आफ्रिकी नेत्यांची परिषद होती. योगायोग म्हणा हवे तर! पण गणपूर्ती करून तोच मसुदा पुन्हा मंजूर करणे काही अवघड नव्हते. तरी संस्कृती २०२३ पर्यंत गप्प बसली.

२०२३ मध्ये जन्मठेप आणि काही गुन्ह्यांना थेट फाशी सांगणारे विधेयक आणले ते विरोधी पक्षाच्या असुमन बसालिर्वांनी, आणि त्याला उघड विरोध केला तो सत्ताधारी पक्षाच्या फॉक्स ओडोई-ओयवेलोवोंनी. तेव्हा देशात गाजत होते वेगळेच प्रकरण. करामोजातल्या गरिबांच्या घरांसाठी घेतलेले पत्रे मंत्र्यांकडे गेले होते आणि त्यातले काही एका मंत्र्याच्या गोठ्यावर चढले होते. सभापती अनिता अमंग यांचेही नाव त्यात आले. अशा वेळी दोन्ही बाकांना एकत्र टाळ्या वाजवता येतील असा दुसरा विषय कोणता होता?

काही जण सारे खापर अमेरिकी धर्मप्रचारकांवर फोडतात. स्कॉट लाइव्हली मार्च २००९ मध्ये कंपालात येऊन गेले आणि ऑक्टोबरात डेव्हिड बहाटींचे विधेयक आले, हे खरेच. पण ते २०१३ पर्यंत, म्हणजे चार वर्षे, रखडले. प्रचारकांचा जोर एवढा असता, तर रखडले नसते.

उरला 'आफ्रिकीपणा'. मेकॉलेच्या मसुद्यातून निघालेली भारतीय दंड संहिता ब्रिटिशांनी युगांडातही लावली होती, कलम ३७७ सकट. त्याच्याही आधी, १८८६ मध्ये, बुगांडाचा राजा म्वांगा याने आपल्या ख्रिस्ती सेवकांना जाळले. त्यांनी त्याच्या शरीरसुखाच्या मागणीला नकार दिला होता, असे चर्चच सांगत आले आहे. समलैंगिकता गोऱ्यांनी आणली म्हणायचे, तर ही हकिगत खोटी म्हणावी लागेल. मग त्या हुतात्म्यांसाठी ३ जूनला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, ती कशाबद्दल?