१४. वॉर मेमोरियलची कमान

ही कमान म्हणजे आजचे इंडिया गेट, दिल्ली. मूळ नाव 'ऑल इंडिया वॉर मेमोरियल'. लेखक ते जुनेच नाव वापरतात. पायाभरणी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते, १० फेब्रुवारी १९२१. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते, १२ फेब्रुवारी १९३१. रचनाकार एडविन लट्यन्स, उंची ४२ मीटर.

पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सत्तर हजारांहून अधिक हिंदी शिपायांचे हे स्मारक. मात्र भिंतींवर कोरलेली नावे तेरा हजारांच्या थोडी वर आहेत, आणि ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर व १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. त्यामुळे कुत-अल-अमाराच्या वेढ्यात (१९१५-१६) मेलेल्या मराठा पलटणींतील शिपायांची नावे वाचकाने येथे शोधू नयेत. गावोगावच्या कित्येक घरांना हे कधी कोणी सांगितलेच नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले.

'छत्रीखालचा बादशहा' म्हणजे कमानीमागच्या छत्रीतील पंचम जॉर्जचा संगमरवरी पुतळा. तो १९६८ साली हलवला. आता कॉरोनेशन पार्कात आहे. सप्टेंबर २०२२ पासून छत्रीत नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा पुतळा आहे. लेखकाच्या वर्णनात अमर जवान ज्योत नाही, ही चूक नव्हे: बांगलादेश युद्धानंतर ती २६ जानेवारी १९७२ रोजी प्रज्वलित झाली. २१ जानेवारी २०२२ रोजी ती जवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली.