तरवडीचा ‘दीनमित्र’ : खेड्यातून चाललेलं राजकीय पत्र

मागच्या व्याख्यानात आपण ‘दर्पण’ आणि ‘प्रभाकर’ पाहिले. दोन्ही मुंबईचे. त्यामुळे असा समज होतो की राजकीय पत्र शहरातच जन्मतं आणि शहरातच जगतं. आज या समजाची उलटतपासणी करू, आणि त्यासाठी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जाऊ.

या जिल्ह्याला छापील शब्द नवा नव्हता. ‘दर्पण’नंतर दहाच वर्षांनी, १८४२ साली, अमेरिकन मराठी मिशनचा ‘ज्ञानोदय’ नगरलाच निघाला. मुलींची शाळा कशी चालते हे जोतीराव फुल्यांनी पाहिलं तेही नगरला, मिस फॅरार यांच्याकडे. पण ‘ज्ञानोदय’मागे मिशन उभं होतं, आणि पुढे तो मुंबईला गेला. ज्याच्यामागे कोणीच नाही, अशा माणसानं काय करायचं?

इथे कृष्णराव भालेकर येतात. सत्यशोधक समाज १८७३ चा. त्याचं म्हणणं मांडायला भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. पैशाची ओढाताण कायमची. शेवटी १८८० मध्ये पत्र मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेलं. गिरणी कामगारांत त्याला वाचक मिळाला.

भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील घराण्यात दत्तक गेले. त्यांनी नोव्हेंबर १९१० मध्ये ‘दीनमित्र’ सुरू केला. पुढे नेवासे तालुक्यातलं तरवडी हाच त्याचा पत्ता झाला. वेळ कुठली, ते बघा. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारनं प्रेस अ‍ॅक्ट आणला होता. नव्या छापखानेवाल्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये जामीन मागता येत होता, आणि मजकूर सरकारला खुपला तर तो जप्तही होत होता. खेड्यातल्या माणसाला ही रक्कम म्हणजे डोंगरच!

आणि वाचक? १९११ च्या जनगणनेत देशातली साक्षरता सहा टक्क्यांच्याही आत होती. मग पत्र वाचणार कोण? इथेच आपली चूक होते. आपण वर्गणीदार मोजतो, ऐकणारे मोजत नाही. त्या काळात एक जण वाचायचा आणि भोवती बसलेले ऐकायचे. म्हणून या परंपरेतली भाषा बोलीच्या जवळ राहिली. ऐकताना कळेल अशीच ती असावी लागायची.

पण खरी कसोटी वेगळीच होती. मुकुंदराव लिहीत होते सावकारावर, कुलकर्ण्यावर, धर्माच्या नावावर चालणाऱ्या लुबाडणुकीवर. ‘कुलकर्णी लीलामृत’ हे त्यांचं काव्य १९१३ चं. पुण्यात बसून व्हाइसरॉयवर टीका करणं धोक्याचं होतं, त्यात वाद नाही; टिळकांनी त्यासाठी मंडाले भोगलं. पण व्हाइसरॉय काही सकाळी पाणवठ्यावर भेटत नाही. कुलकर्णी भेटतो. जमिनीचं दप्तर त्याच्या हातात, कर्जाचा कागद सावकाराच्या हातात. खेड्यात राहून त्यांच्याविरुद्ध लिहायचं म्हणजे ज्याच्याशी रोज गाठ आहे त्याच्याशीच वैर घ्यायचं. पुढे १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतनं बरखास्त केली. एकट्या एका पत्रामुळे हे घडलं असं मी म्हणणार नाही. पण दप्तर कोणाच्या हाती असावं हा राजकीय प्रश्न आहे, हे लोकांना पटवायचं काम अशाच पत्रांनी केलं.

म्हणजे राष्ट्रीय पत्रं विचारत होती, इंग्रज कधी जाणार? सत्यशोधक पत्रं पुढचं विचारत होती, ते गेल्यावर गावात सत्ता कोणाची? हा दुसरा प्रश्न गावातूनच विचारला जाणं जास्त नेमकं होतं.

मुकुंदराव १९६७ साली वारले. तोवर सुमारे सत्तावन्न वर्षं त्यांनी पत्र चालवलं. शहरातली कितीतरी सधन पत्रं तेवढी जगली नाहीत.

तेव्हा राजकीय लेखन कुठे रुजतं? माझं उत्तर असं आहे: छापखाना हवा, टपाल हवं, पैसाही हवा, पण त्याआधी असा वाचक हवा, ज्याचं म्हणणं दुसरं कोणी छापत नाही. आज फोनवरून कोणीही लिहू शकतो, जामीन लागत नाही. लिखाण दूरच्या सत्तेवर आहे की आपल्याच गावच्या सत्तेवर, हा प्रश्न मात्र तरवडीनं विचारला तसाच आजही उभा आहे.

पुढच्या व्याख्यानात लोखंडे आणि गिरणगाव.