मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेममधील इंजिनाचे आवाज

मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू रेस देतो, गिअर टाकतो किंवा ब्रेक दाबतो, तेव्हा गेमच्या यंत्रणेने त्याच क्षणी जुळवून ऐकवलेला ध्वनी. पडद्यावरची मोटार हुबेहूब दिसू लागल्यानंतरही हा ध्वनी कितीतरी वर्षे खऱ्या मोटारीच्या जवळपास पोहोचला नव्हता, आणि काही गेम तर त्यांच्या विचित्र आवाजांसाठीच लक्षात राहिले. अवास्तव आवाजाचे दोन प्रकार दिसतात. एक दुबळा आणि कृत्रिम. तो तंत्राच्या मर्यादेतून येतो. दुसरा मुद्दाम भडक केलेला. तो श्रोत्याच्या अपेक्षेतून येतो. टीका बहुधा पहिल्याच्याच वाट्याला येते. दुसरा मात्र ‘खरा’ म्हणून खपतो.

खऱ्या इंजिनाचा आवाज : चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दर दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. एका सिलिंडरची बुलेट मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असताना सेकंदाला २५ स्फोट होतात. ते इतके सावकाश पडतात की कानाला सूर न लागता सुटे ठोके ऐकू येतात. चार सिलिंडरची मोटार ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला २०० ठोके देते, म्हणजे मूळ स्वराची कंप्रता २०० हर्ट्झ होते. फॉर्म्युला वनमध्ये २००५ पर्यंत धावलेल्या तीन लिटरच्या व्ही-१० इंजिनांनी १८,००० फेऱ्या गाठल्या की हा आकडा १,५०० वर जाई. त्या शर्यतींची किंकाळी म्हणतात ती हीच.

पण नुसत्या कंप्रतेवरून इंजिन ओळखता येत नाही. ठोके समान अंतराने पडतात की नाही, यालाही तेवढेच महत्त्व आहे. अमेरिकी धाटणीच्या व्ही-८ इंजिनात एकूण स्फोट सारख्या अंतराने होतात. मात्र एका बाजूच्या चार सिलिंडरांपुरते पाहिले तर ते अंतर कमीजास्त असते. त्यातून ती ओळखीची घुमणारी गुरगुर निघते. फेरारीच्या व्ही-८मध्ये क्रँकशाफ्टची घडण वेगळी असल्याने दोन्ही बाजू आळीपाळीने पेटतात, आणि आवाज सरळ, टोकदार होतो. सुबारूच्या जुन्या टर्बो मोटारींची थरथर एक्झॉस्टच्या नळ्या असमान लांबीच्या असल्यामुळे येते. १९९१ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बी या मोटारीत तर दट्ट्येच नव्हते. तिच्या चार रोटरच्या इंजिनात झडपाही नाहीत. एक्झॉस्टचे तोंड एकदम उघडते आणि वायू झटक्यात बाहेर पडतो, म्हणून तिचा आवाज दट्ट्याच्या कोणत्याच इंजिनाशी मिळत नाही. ‘ग्रॅन टुरिस्मो’ आणि ‘फोर्झा’ या दोन्ही मालिकांत ही मोटार आहे, आणि नवा गेम आला की जाणकार पहिल्यांदा तिचाच आवाज तपासतात.

याखेरीज हवा आत ओढली जाण्याचा आवाज, गिअरच्या दात्यांची कुई, टर्बोची शीळ, टायरचा घर्षणध्वनी आणि वारा यांची भर पडते. इंजिनावर भार असताना आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर फेऱ्या तेवढ्याच असल्या तरी आवाज वेगळा असतो. या मुद्द्यावर गेमचे आवाज सगळ्यांत जास्त फसले आहेत.

आरंभीचा काळ : अटारीच्या १९७४ मधील ‘ग्रॅन ट्रॅक १०’ या गेममध्ये मायक्रोप्रोसेसरही नव्हता, आवाज काढण्याचे काम सुट्या भागांच्या मंडलाकडे होते. नामकोचा ‘पोल पोझिशन’ १९८२ मध्ये आला. त्यात गिअर दोनच, लो आणि हाय. स्वर चढत जाई, शिखरावर टेके आणि धडक होईपर्यंत तिथेच राही. सेगाच्या ‘आउट रन’मध्येही (१९८६) गिअर दोनच होते. त्याचे कर्ते यू सुझुकी यांनी गाडी सुटण्याआधी रेडिओवरचे गाणे निवडण्याची सोय ठेवली. शर्यतभर एकाच पट्टीत लागलेले इंजिन ऐकवण्यापेक्षा संगीत पुढे आणि इंजिन मागे, हा तोडगा शहाणपणाचाच होता.

निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रात ध्वनीचे पाचच मार्ग होते: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. संगीत, धडक, हॉर्न आणि इंजिन या सगळ्यांची वाटणी तेवढ्यातच करावी लागे. कोनामीच्या ‘रोड फायटर’ची ओळख भारतातल्या अनेकांना मूळ फॅमिकॉमवर नव्हे, तर त्याच्या स्वस्त नकलांवर झाली. टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ आणि त्यात घालायची शेकडो खेळांची ‘कॅसेट’ नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचली होती. ‘रोड फायटर’मधली लाल गाडी ताशी ४०० किलोमीटरला पोहोचे, आणि तिचा आवाज कोणत्याच इंजिनाचा नव्हता. तरीही त्याची पट्टी वेगाबरोबर चढत होती, आणि खेळणाऱ्याला तेवढे पुरत होते. या पिढीतल्या आवाजांना अवास्तव म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्यांनी वास्तवाचा दावा कधी केलाच नव्हता.

ध्वनिमुद्रणाचा काळ आणि त्याची गोची : खरी अडचण सुरू झाली ती खऱ्या मोटारींचे आवाज गेममध्ये घेतले जाऊ लागल्यावर. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये (जपान, १९९४) आवाजासाठी ५१२ किलोबाइट स्मृती होती. दाबून साठवलेला, सीडीच्या दर्जाचा एकपदरी आवाज त्यात जेमतेम २० सेकंद मावतो. प्रतिस्पर्धी गाड्या, टायर, धडक आणि प्रत्येक मोटारीचे इंजिन, सगळे याच जागेत बसवायचे होते. म्हणून इंजिनाच्या आवाजाचा छोटासा तुकडा घेऊन तो अखंड फिरवत ठेवण्याची पद्धत रुळली. असा तुकडा म्हणजे ‘लूप’. फेऱ्या वाढल्या की तो भरभर वाजवायचा, कमी झाल्या की सावकाश.

घात होतो तो इथेच. ३,००० फेऱ्यांवर मुद्रित केलेला तुकडा ६,००० साठी दुप्पट वेगाने वाजवला, तर स्फोटांची कंप्रता दुप्पट होते. ते बरोबरच आहे. पण त्याबरोबर एक्झॉस्टच्या नळीचे आणि सायलेन्सरच्या पोकळीचे अनुस्पंदनही वरच्या सप्तकात जाते. प्रत्यक्षात नळीची लांबी बदलत नाही, त्यामुळे तिचे अनुस्पंदन जवळजवळ जागच्या जागी राहते. ते वर सरकले की कानाला वाटते, नळी आखूड झाली, पोकळी लहान झाली, इंजिनच आक्रसले. पाच लिटरची व्ही-८ अशा रीतीने खेळण्यातली होऊन बसते.

उपाय म्हणून वेगवेगळ्या फेऱ्यांवर मुद्रित केलेले अनेक लूप घेऊन एकातून दुसऱ्यात अलगद सरकण्याची पद्धत आली. तिने नवे दोष आणले. दोन लूप एकाच वेळी वाजताना त्यांच्या लहरी कुठे एकमेकींना छेद देतात, तर कुठे दुप्पट होतात. त्यामुळे आवाज मध्येच पोकळ होतो, आणि नेमका त्याच फेऱ्यांवर दर वेळी पोकळ होतो. लूप फार छोटा असेल तर इंजिनातली बारीक अनियमितता नाहीशी होते आणि उरते एकसुरी गुणगुण. भार असतानाचा आणि नसतानाचा असे दोन संच घ्यायला जागा नसेल, तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर तोच आवाज नुसता हळू होतो.

ग्रॅन टुरिस्मोचे उदाहरण : काझुनोरी यामाउची यांनी डिसेंबर १९९७ मध्ये सुरू केलेली आणि पुढे त्यांच्या ‘पॉलिफोनी डिजिटल’ या जपानी कंपनीने चालवलेली ही मालिका मोटारींच्या वेडासाठी विख्यात आहे. निसान जीटी-आर (आर-३५) या खऱ्या मोटारीच्या डॅशबोर्डवरील माहितीपडद्याची रचना याच कंपनीने केली होती. एवढ्या जाणकार मंडळींच्या गेममधले आवाज मात्र दीर्घकाळ चेष्टेचा विषय राहिले. ‘ग्रॅन टुरिस्मो ५’ (२०१०) आणि ‘६’ (२०१३) या गेममधील अनेक मोटारींना जगभरच्या खेळाडूंनी ‘व्हॅक्युम क्लीनर’ म्हणून हिणवले. उपमा नेमकी आहे. व्हॅक्युम क्लीनरच्या आवाजात पट्टी असते, जोर असतो, पण सुटा ठोका नसतो. आणि इंजिनातून ठोका काढला की राहते तेवढेच.

या कमतरतेचे एक कारण आकड्यांत दिसते. ‘५’मध्ये हजाराहून अधिक मोटारी होत्या, आणि त्यांतल्या सुमारे ८०० जुन्या गेममधून जवळपास तशाच आणलेल्या होत्या. प्रत्येक मोटार मिळवून डायनॅमोमीटरवर (गाडी जागेवर ठेवून इंजिन भाराखाली चालवण्याच्या यंत्रावर) चढवायची, इंजिनाजवळ, हवेच्या तोंडाशी, सायलेन्सरमागे आणि गाडीच्या आत मायक्रोफोन लावायचे, सगळ्या फेऱ्यांतून भारासह आणि भाराविना मुद्रण करायचे, हे एका मोटारीसाठीसुद्धा खर्चिक काम आहे. शिवाय डायनॅमोमीटरच्या खोलीत इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्यांची घरघर असते आणि रस्त्यावर वारा असतो, तेव्हा स्वच्छ मुद्रण सहजासहजी मिळत नाही. हजार मोटारी हव्यात की शंभर मोटारींचे खरे आवाज, या निवडीत पॉलिफोनीने संख्या निवडली. २०१७ च्या ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’मध्ये आरंभी मोटारी दोनशेच्याही आत होत्या आणि आवाज ठळकपणे सुधारले होते. मोटारी कमी असणे हे त्याचे एक कारण असावे.

भडक आवाज : ‘नीड फॉर स्पीड : शिफ्ट’ (२००९) किंवा ‘ड्राइव्हक्लब’ (२०१४) यांच्या आवाजांची वाहवा झाली. त्यांत गिअरची कुई, सायलेन्सरचे फटाके आणि टर्बोची फुसफुस पुढे आणलेली असते. प्रत्यक्षात हेल्मेट आणि कानातल्या बोळ्यांतून चालकापर्यंत पोहोचणारा आवाज बराच दबलेला असतो. बंद टपाच्या शर्यती मोटारीत पुष्कळदा इंजिनापेक्षा सरळ दात्यांच्या गिअरबॉक्सचीच कर्कश रड वरचढ ठरते. तशीच ती गेममध्ये ऐकवली, तर खेळाडू आवाज बिघडला आहे अशी तक्रार करील. त्याचा कान चित्रपटांनी आणि शर्यतींच्या प्रक्षेपणांनी घडवलेला असतो, आणि त्याला ‘खरे’ वाटते ते बहुधा सायलेन्सरमागे उभे राहून ऐकलेले असते. रस्त्यावरही ही आवड उतरली आहे. पुण्यासह अनेक शहरांत पोलिसांनी दुचाकींचे फटाके वाजवणारे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले, ते याच हौसेचे.

जवळून सुसाट निघून जाणाऱ्या मोटारीचा चढता-उतरता सूर हेही अतिशयोक्तीचे आवडते ठिकाण आहे. ताशी ३६० किलोमीटरने समोरून येणाऱ्या मोटारीचा स्वर मूळच्या १.४ पट उंच ऐकू येतो आणि ती निघून गेल्यावर पाऊणपटीच्या आसपास उतरतो. एवढ्या वेगाला हा फरक जवळजवळ एक सप्तक भरतो. गावातल्या वेगाने जाणाऱ्या मोटारीलाही तेवढाच स्वरपालट देणारे गेम अवास्तवच म्हणायचे.

‘एफ-झीरो’ (१९९०) आणि ‘वाइपआउट’ (१९९५) यांतील तरंगत्या यानांच्या बाबतीत खरेखोटेपणाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तशी याने अस्तित्वात नाहीत.

आवाजाचे काम : गेम खेळताना खेळाडूला खुर्चीत धक्का बसत नाही, चाके घसरल्याची जाणीव अंगाला होत नाही. ही उणीव आवाज भरून काढतो. फेऱ्या एकदम उसळल्या की मागची चाके फिरली, हे डोळ्यांआधी कानाला कळते. गिअर कधी टाकायचा हेही सराईत खेळाडू आकडा न पाहता ऐकून ठरवतो. त्यामुळे भार, फेऱ्या आणि पकड यांची खबर देणारा ओबडधोबड आवाज, खऱ्या मोटारीवरून टिपलेल्या पण मुक्या आवाजापेक्षा सरस मानावा लागतो. इटलीच्या ‘कुनोस सिम्युलाझिओनी’चा ‘असेत्तो कोर्सा’ (२०१४) आणि ऑनलाइन शर्यतींचा ‘आयरेसिंग’ (२००८) यांची पारखही याच कसोटीवर व्हायला हवी. चित्रफितीत ऐकून त्यांचा निवाडा करणे फसवे असते.

नव्या पद्धती : लूपऐवजी आता इंजिनाच्या संथ चढत्या फेऱ्यांचे सलग मुद्रण घेऊन त्याचे अत्यंत बारीक कण केले जातात आणि हव्या त्या फेऱ्यांचे कण क्षणोक्षणी जोडले जातात. तुकडा ताणावा लागत नसल्याने अनुस्पंदन जागचे हलत नाही. दुसरी वाट मुद्रणालाच फाटा देते. सिलिंडरमधला दाब आणि नळीतून जाणारा वायू यांचे गणित मांडून त्यातूनच ध्वनी काढायचा. २०२२ मध्ये लोकांसमोर आलेला ‘इंजिन सिम्युलेटर’ हा मुक्त स्वरूपाचा संगणकीय कार्यक्रम या प्रकारचा आहे. त्यात सिलिंडरांची संख्या, स्फोटांचा क्रम किंवा नळ्यांची लांबी बदलली की आवाज आपोआप बदलतो. अस्तित्वात नसलेले इंजिनही त्यात वाजवून पाहता येते.

खऱ्या मोटारीतील कृत्रिम आवाज : गेमच्या ध्वनीला ज्या मोटारींचे माप लावायचे, त्याच आता स्पीकरचा आधार घेऊ लागल्या आहेत. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम-५ मध्ये इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरमधून पुरवला जाई. विजेच्या मोटारी मंद वेगाने चालताना पादचाऱ्यांना कळाव्यात म्हणून युरोपीय संघाने जुलै २०१९ पासून नव्या नमुन्यांना आणि जुलै २०२१ पासून सर्व नव्या मोटारींना कृत्रिम ध्वनी सक्तीचा केला. बीएमडब्ल्यूच्या विद्युत मोटारींसाठी चित्रपटसंगीतकार हान्स झिमर यांनी आवाज रचले. ह्युंदाईच्या ‘आयोनिक ५ एन’ (२०२३) या विद्युत मोटारीत चालकाला तीन आवाजांतून एक निवडता येतो. त्यांपैकी एक कंपनीच्याच पेट्रोल मोटारीची नक्कल करतो आणि एक लढाऊ जेट विमानाची. नसलेले आठ गिअर बदलल्याचे हलके धक्केही ती देते.