न आलेल्या वादळांचा हिशोब

विम्याचे गणित मुळात सोपे आहे. हजार घरांपैकी वर्षाला सरासरी दोन घरांना आग लागत असेल, तर हजार जणांकडून थोडीथोडी रक्कम घेऊन त्या दोघांचे नुकसान भरून देता येते. यात एक अट दडलेली आहे. एक घर जळाले म्हणून बाकीची जळता कामा नयेत. चक्रीवादळ ही अट पाळत नाही. ते आले की हजारही घरमालक एकाच दिवशी भरपाई मागायला उभे राहतात.

२४ ऑगस्ट १९९२ रोजी पहाटे अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, मायामीच्या दक्षिणेस, 'अँड्र्यू' हे चक्रीवादळ धडकले. तोपर्यंत वादळासाठीचा हप्ता विमा कंपन्या ठरवत, तो मुख्यतः मागील काही वर्षांत दिलेल्या भरपाईच्या सरासरीवरून. नेमकी त्याआधीची दोन दशके तिथे बरीच शांत गेली होती. त्याच काळात राज्याची लोकसंख्या मात्र ६८ लाखांवरून १ कोटी २९ लाखांवर गेली. म्हणजे नोंदी थोड्या वादळांच्या, आणि घरे दुप्पट! एखाद्या विद्यार्थ्याने इतक्या तोकड्या नमुन्यावरून निष्कर्ष काढला असता, तर आम्ही त्याची वही परत केली असती.

बोस्टनच्या कॅरेन क्लार्क यांनी १९८७ मध्ये कंपनी काढून वेगळी रीत मांडली होती. जुन्या वादळांच्या नोंदींवरून केंद्रातील दाब, वेग, मार्ग हे कसकसे बदलतात ते पाहायचे. मग फासे टाकावेत तशी संगणकावर हजारो काल्पनिक वादळे निर्माण करायची आणि आज उभ्या असलेल्या घरांवरून ती नेऊन नुकसान मोजायचे. अँड्र्यू धडकल्यावर काही तासांतच त्यांनी कळवले, की भरपाई १३ अब्ज डॉलरच्या वर जाऊ शकेल. अनेकांना ते अशक्य वाटले. प्रत्यक्षात आकडा साडेपंधरा अब्जांवर गेला आणि अकरा विमा कंपन्या बुडाल्या.

यानंतर ही रीत रूढ झाली. हप्ते वाढले. पूर्वी नुकसानीतील एक लहानशी ठरलेली रक्कम घरमालक सोसत असे. आता विम्याच्या रकमेच्या काही टक्के त्याच्यावर आले. दोन लाख डॉलरच्या घराला दोन टक्के म्हणजे चार हजार डॉलर झाले. १९९३ मध्ये राज्याने कंपन्यांच्या पाठीशी एक आपत्ती निधी उभारला. कित्येक छपरे नीट ठोकलेलीच नव्हती, असेही उघडकीस आले होते. २००२ मध्ये बांधकामाचे कडक नियम राज्यभर लागू झाले. त्यांचा उपयोग आम्हांला हप्तेवाढीपेक्षा मोठा वाटतो, कारण हप्ता वाढवून छप्पर काही टिकत नाही.

पण काल्पनिक वादळेही जुन्या नोंदींतूनच जन्मतात. समुद्र तापतो आहे, त्याची पातळी चढते आहे. मग १९५० सालचे वादळ २०५० साठी कितपत चालेल? काही कंपन्यांनी फ्लोरिडातून काढता पाय घेतला आहे. २०२३ मध्ये राज्याने स्थापन केलेल्या विमा कंपनीकडे १० लाखांहून अधिक घरमालक होते. विमा एका वर्षाचा असतो, त्यामुळे कंपनीला दरवर्षी हिशोब बदलता येतो. घरमालकाचे कर्ज मात्र बहुधा तीस वर्षांचे असते.