सहा कळा, सहा बोटं

अठरा वर्षांचा सातोशी फुकुशिमा आईशी हुज्जत घालत होता. साल १९८१, जपानमधलं एक घर, जागा स्वयंपाकघर. मुलाला बोलता येत होतं, त्यामुळे त्याची तक्रार आईला ऐकू येत होती. तिचं उत्तर मात्र त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. नवव्या वर्षी डोळे गेले होते, आता उरलासुरला कानही गेला होता. ब्रेलचं यंत्र त्या क्षणी हाताशी नव्हतं. आईनं, रेइकोबाईंनी, मग मुलाची बोटंच यंत्राच्या कळा मानली आणि त्यांवर टकटक करत विचारलं, सातोशी, कळतंय का? त्याला कळलं.

‘युबी तेन्जी’, म्हणजे बोटांवरचं ब्रेल, जन्मलं ते असं. कुळ मात्र जुनं आहे. सहा ठिपक्यांची लिपी फ्रान्सच्या लुई ब्रेलची. इशिकावा कुराजी यांनी ती जपानीला बसवली आणि १८९० मध्ये ती स्वीकारली गेली. पण माझ्या मते या वंशावळीतला खरा पूर्वज अमेरिकेतला फ्रँक हॉल. तोवर पाटीवर कागद अडकवून एकेक ठिपका टोचावा लागे, तोही उजवीकडून डावीकडे, उलटा. इलिनॉयच्या अंधशाळेत हॉलनं १८९२ मध्ये सहा कळांचं यंत्र केलं. पेटीवर दोन-तीन सूर एकदम धरावेत तसं एका दाबात अख्खं अक्षर उमटू लागलं. अक्षर असं बोटांत बसलं नसतं, तर त्या स्वयंपाकघरात टकटक कशाची करणार?

डाव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका म्हणजे ठिपके १, २, ३. उजव्या हाताची ४, ५, ६. जपानी ‘सा’साठी १, ५, ६. त्यात २ मिळवला की ‘शी’. पाच आणि सहा हे व्यंजन, बाकीचा स्वर. आपल्या बाराखडीच्या ओळखीचाच हिशेब. मराठी ब्रेलमधला ‘क’ म्हणजे १ आणि ३, तेव्हा डाव्या तर्जनीवर आणि अनामिकेवर एकदम टकटक केली की झाला ‘क’.

सातोशी १९८३ मध्ये विद्यापीठात गेले. जपानमध्ये असा प्रवेश मिळवणारे ते पहिले बहिरे-अंध विद्यार्थी. पुढे तोक्यो विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रयोगशाळांनी दरम्यान बोटांत घालायची कंप पावणारी साधनं बनवली: पलीकडच्यानं टंकलेलं अक्षर इकडे बोटांवर थरथरतं. गंमतच म्हणायची, यंत्र नव्हतं म्हणून जे सुचलं, त्याचंच यंत्र झालं.

पण सातोशींना माणसांत परत आणलं ते नुसत्या अक्षरांनी नाही. समोरचा थेट त्यांच्याशी बोले तेवढंच त्यांना कळे. चौघांच्या गप्पांत ते एकटेच पडत. मग एका मैत्रिणीनं इतरांचं बोलणं नाटकातल्या संवादासारखं, आधी बोलणाऱ्याचं नाव आणि मग त्याचं वाक्य असं, त्यांच्या बोटांवर उतरवायला सुरुवात केली. आता कोण काय म्हणालं हे त्यांना कळत होतं, आणि मध्येच आपलं वाक्य टाकताही येत होतं.